भट्टीवरची पटनोंदणी

दिवाळी सरली, शिवारातली ओल उतरली आणि सकाळचा गारवा हवेत स्थिरावला, की कोल्हापूरच्या आसमंतात दोन हंगाम एकाच वेळी उभे राहतात. एक उसाचा, ज्याच्या दरावरून आंदोलने होतात आणि ज्याच्या वार्तेला वर्तमानपत्रांत पहिले पान मिळते. आणि दुसरा विटांचा, ज्याची वार्ता सहसा कोठे येत नाही, पण ज्यावाचून या वाढत्या शहरात घराची भिंत उभी राहत नाही. पंचगंगेने वर्षानुवर्षे आणून टाकलेल्या गाळाच्या मातीवर, शहराला खेटून असलेल्या गावांच्या शिवारांत, या दिवसांत खोप्या उभारल्या जातात, चिखलाचे खड्डे मळले जातात, आणि मराठवाड्यातून, सोलापूरकडून, विजापूर-कलबुर्गीच्या कोरडवाहू मुलखातून निघालेली कुटुंबे, विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर या न्यायाने, भांडीकुंडी, शेळी आणि लेकरे घेऊन पावसाळ्याच्या तोंडापर्यंतच्या मुक्कामाला दाखल होतात. याच सुमारास महाविद्यालयांची दुसरी सत्रे सुरू होत असतात, आणि यंदाचा प्रकल्प कोणत्या विषयावर करावा, या विवंचनेत विद्यार्थी असतात.

हा प्रकल्प म्हणजे काय, हे ज्यांचे शिक्षण पूर्वीच्या पद्धतीने झाले अशा वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. महाविद्यालयीन विद्यार्थ्याने वर्गाबाहेर पडून समाजात काही काळ काम करावे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली, आणि वर्षाला १२० तासांप्रमाणे दोन वर्षांत २४० तासांची सेवा व सात दिवसांचे निवासी शिबिर, हा तिचा साचा आजही कायम आहे. पण ही योजना ऐच्छिक होती. ज्याला वाटेल त्याने यावे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मात्र क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभाग यांना अभ्यासक्रमातच स्थान मिळाले असून, अशा कामाच्या ३० तासांस एक श्रेयांक, असा हिशेब ठरला आहे. म्हणजे जे काम काल आवडीचे होते, ते आज गुणपत्रिकेचे झाले. आणि गुणपत्रिकेत शिरलेली प्रत्येक गोष्ट जी वाट धरते, ती वाट या कामानेही धरण्याचा धोका उत्पन्न झाला. एखाद्या वृद्धाश्रमास किंवा अनाथालयास रविवारी भेट द्यावी, फळे वाटावीत, फलक धरून छायाचित्र काढावे, संस्थेच्या शिक्क्याचे प्रमाणपत्र घ्यावे आणि त्या सर्वांची सुबक बांधणी करून विभागप्रमुखांच्या हाती द्यावी, असे अहवाल मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांतील विद्यार्थ्यांच्या सद्हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. पण त्या अहवालांतून ना त्या संस्थेच्या पदरात काही पडले, ना विद्यार्थ्याच्या ज्ञानात, हे म्हटल्यावाचून राहवत नाही.

म्हणूनच गेल्या काही दिवसांत हाती आलेल्या एका निराळ्या अहवालाविषयी सविस्तर लिहावे असे वाटले. तो समाजशास्त्राच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या, घाटाकडच्या एका खेड्यातून कोल्हापुरात येऊन राहिलेल्या विद्यार्थिनीचा आहे. तिचे नाव येथे देत नाही. ज्या स्वयंसेवी संस्थेबरोबर तिने काम केले तिचेही देत नाही, कारण तशी इच्छा दोघींनीही व्यक्त केली. विषय होता वीटभट्टीवरील शाळाबाह्य मुलांच्या नोंदणीचा. या क्षेत्रात कोल्हापूरला मोठी परंपरा आहे. अन्न, वस्त्र आणि निवारा या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून जिचे नाव पडले त्या ‘अवनि’ संस्थेने, अनुराधा भोसले यांच्या नेतृत्वाखाली, बालमजुरांच्या आणि वीटभट्ट्यांवरील मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न या जिल्ह्यात अनेक वर्षे लावून धरला, आणि भट्टीच्या आवारातच शाळा भरविण्याची रीत लोकांच्या परिचयाची केली.

विद्यार्थिनीच्या अनुभवाकडे वळण्यापूर्वी भट्टीचा व्यवहार समजून घेणे अवश्य आहे, कारण तो समजल्यावाचून मूल शाळेत का जात नाही, याचे उत्तर ‘आईबापांचे अज्ञान’ या दोन शब्दांत देऊन मोकळे होण्याचा मोह अनावर होतो. पावसाळ्यात, जेव्हा गावाकडे हाताला काम नसते आणि दुकानदाराची उधारी डोक्यावर चढलेली असते, तेव्हा मुकादम किंवा भट्टीमालक कुटुंबाला एकरकमी पैसे देतो. त्याला ‘उचल’ म्हणतात. ही उचल फेडण्यासाठी नवराबायको जोडीने भट्टीवर येतात. मजुरी हजार विटांवर ठरते. आठवड्याच्या बाजाराला ‘खर्ची’ मिळते, आणि उरलेला हिशेब हंगामाच्या शेवटी उचलीतून वळता होतो. संध्याकाळी माती, राख आणि भुसा एकत्र कालवून चिखल भिजत घालायचा, उत्तररात्री उठून, ऊन चढण्याच्या आत, साच्याने विटा थापायच्या, त्या सारवलेल्या पटांगणात ओळीने मांडायच्या, थोड्या वाळल्या की कुशीवर उभ्या करायच्या, पुरत्या वाळल्या की रचायच्या आणि शेवटी भट्टी लावायची. मजुरी नगावर असल्यामुळे घरातला प्रत्येक हात हा हिशेबातला हात असतो. आणि ओली वीट कुशीवर उभी करण्याच्या कामात तर मोठ्या माणसाच्या बोटांपेक्षा लहान मुलाची बोटे अधिक उपयोगी पडतात, कारण त्यांच्या दाबाने विटेला खळगा पडत नाही. शिवाय आई थापायला बसली म्हणजे तान्ह्या मुलाला सांभाळणार कोण, हा प्रश्न आहेच.

संस्थेने विद्यार्थिनीला पहिल्याच दिवशी भट्टीवर धाडले नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली. आधी तिला नोंदीचा तक्ता समजावून देण्यात आला, आणि प्रश्न कसे विचारावेत याचा पाठ दिला गेला. ‘मूल शाळेत जाते का?’ हा प्रश्न विचारायचाच नाही, असे तेथील अनुभवी कार्यकर्तीने तिला बजावले. कारण त्याला ‘जातंय की’ हे एकच उत्तर मिळते, आणि ते देणाऱ्याला आपण खोटे बोललो असेही वाटत नाही, कारण गावच्या शाळेच्या पटावर त्याच्या मुलाचे नाव खरोखरच असते. त्याऐवजी विचारायचे, गावी कितवीत होतास, तुझ्या बाई कोण, पुस्तके बरोबर आणलीस की आजीकडे ठेवलीस, परीक्षेला जाणार आहेस का. मुलाचे वय सांगता न येणाऱ्या आईला जन्मतारीख विचारून गोंधळात टाकायचे नाही. हे पोटात होते तेव्हा तुम्ही कोणाच्या भट्टीवर होता, महापूर आला त्या साली हे चालत होते की रांगत होते, दुधाचे दात पडले का, असे विचारीत वयाचा अदमास बांधायचा. कोल्हापूरच्या भट्ट्यांवर वारंवार येणाऱ्या कुटुंबांच्या स्मरणात २०१९ आणि २०२१ सालचे महापूर इतके पक्के ठसले आहेत, की जन्मदाखल्याची उणीव त्या दोन आठवणी पुष्कळ अंशी भरून काढतात. आणखी एक सूचना अशी होती, की मुलांची छायाचित्रे घ्यायची नाहीत.

एवढ्या सिद्धतेनिशी ती गेली, आणि पहिल्याच खोपीत एका बाईने तिला जे ऐकविले, ते तिने अहवालात जसेच्या तसे उतरविले आहे. ‘‘ताई, नाव लिहून काय व्हतंय? मागल्या वर्षी बी कुनीतरी आलतं, नावं लिहून घेऊन गेलं. पुन्हा कुनी फिरकलं न्हाई.’’ त्या बाईचा स्वर तक्रारीचा नव्हता, असे तिने मुद्दाम नमूद केले आहे. हातातला साचा न थांबविता तिने ते सहज सांगितले. मागल्या वर्षी आलेले ते ‘कुनीतरी’ बहुधा एखाद्या महाविद्यालयाचेच विद्यार्थी असावेत. त्यांनी नावे नेली, तक्ते केले, टक्केवारी काढली, गुण मिळविले. ती नावे आज कोठल्या तरी कपाटात बांधणी होऊन पडली असतील. या एका वाक्याने विद्यार्थिनीच्या कामाला कलाटणी मिळाली, असे मला तिच्या लिहिण्यावरून वाटते. तिने अभ्यासाचा विषय बदलला नाही. पण नाव लिहून घेतलेल्या प्रत्येक मुलापुढे आणखी एक रकाना आखला, आणि त्यात, या नावाचे पुढे काय झाले, हे लिहायचे ठरविले.

या रकान्यातील एक नोंद येथे देतो. नऊ वर्षांची मुलगी. गावी दुसरीपर्यंत गेलेली. दिवसभर कडेवर दीड-दोन वर्षांचा भाऊ. त्या मुलीला पाटीवर अंक लिहून दाखविले तर ते वाचता येत नव्हते, पण पटांगणातील विटांच्या ओळी पाहून एकूण विटा किती, हे ती चटकन सांगे. एका ओळीत किती, अशा ओळी किती, मध्ये फुटक्या किती, हे सर्व मनातल्या मनात धरून, फुटक्या वजा घालून, ती शेकड्यांत उत्तर देई. आणि मुकादमाची मोजणी व तिची मोजणी यांत फरक पडला, तर बाप तिच्या मोजणीवर विश्वास ठेवी. म्हणजे तिच्या ठायी गुणाकार होता, वजाबाकी होती, केवळ लिपी नव्हती. विद्यार्थिनीने तिला शिकविण्याचा आरंभ याच विटांपासून केला. ओळीत मांडलेल्या विटांची संख्या खडूने शेवटच्या विटेवर लिहायची, असा खेळ लावला. थोड्याच दिवसांत ती मुलगी आपण होऊन अंक लिहू लागली. पण तिला शाळेत घालण्याचा विषय निघाला, तेव्हा आईने कडेवरच्या मुलाकडे बोट दाखविले.

येथे विद्यार्थिनीला जे उमगले, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात इतक्या स्पष्टपणे लिहिलेले मला आढळले नाही. नऊ वर्षांच्या मुलीला शाळेत पाठवायचे असेल, तर आधी दोन वर्षांच्या मुलाची सोय लावली पाहिजे. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तिच्यातूनच अंगणवाड्या उभ्या राहिल्या. परंतु अंगणवाडीत दिवसाचे काही तास बसविले जाते ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांना. त्याहून लहान मुलासाठी घरी नेण्याचा शिधा मिळतो, बसण्याची जागा नाही. मग तीन वर्षांखालचे मूल कोणी सांभाळायचे? सरकारी कागदात या प्रश्नाला उत्तर असो वा नसो, भट्टीवर त्याचे उत्तर ठरलेले आहे, आणि ते म्हणजे थोरली बहीण. संस्थेने यावर जी तजवीज केली ती साधी होती: भट्टीवरच्या वर्गात धाकट्या भावंडांनाही येऊ द्यायचे, एका कोपऱ्यात झोळी बांधायची आणि वस्तीतल्याच एका वयस्क बाईला थोडे मानधन देऊन तेथे बसवायचे. त्या झोळीमुळे वर्गाची उपस्थिती किती बदलली, याचा तक्ता अहवालात आहे. आणि तो पाहिल्यावर, शाळेच्या इमारतीइतकीच पाळणाघराची चिंता वाहिली जावी, असे माझे मत बनले आहे.

भट्टीवरचा वर्ग ही तात्पुरती सोय. खरी शाळा ती गावची. विद्यार्थिनी कार्यकर्तीबरोबर जवळच्या एका प्राथमिक शाळेत गेली. तेथील मुख्याध्यापकांनी तिचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि आपलीही अडचण मोकळेपणाने सांगितली. आपल्याकडे शाळेला किती शिक्षक मंजूर व्हायचे, हे ३० सप्टेंबरच्या पटसंख्येवरून ठरते. भट्टीची मुले येतात ती दिवाळीनंतर आणि जातात ती वार्षिक परीक्षेच्या आगेमागे. म्हणजे ती आली तर वर्गातली मुले वाढतात, शिक्षक वाढत नाही. आणि ती निघून गेली, की पटावर राहिलेल्या नावांचा जाब शाळेला द्यावा लागतो. शिवाय काही मुले केवळ कानडी बोलतात, काहींच्या घरी लमाणी बोलली जाते. या अडचणी खऱ्या आहेत, आणि त्या सांगणाऱ्या शिक्षकाला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. तरीही कायदा या बाबतीत निःसंदिग्ध आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्यान्वये सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास, ते ज्या ठिकाणी राहत असेल तेथे, त्याच्या वयाला अनुरूप वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे. मागे पडलेल्या अभ्यासासाठी त्याला विशेष प्रशिक्षण दिले पाहिजे. आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी त्या कायद्याने स्थानिक प्राधिकरणावर स्पष्ट शब्दांत टाकली आहे. स्थलांतर करणारे मूल जेथे जाईल तेथील शाळेला त्याची इयत्ता कळावी, म्हणून महाराष्ट्रात शिक्षण हमी पत्रकाचीही व्यवस्था आहे. विद्यार्थिनीने ज्या मुलांजवळ हे पत्रक आहे का, म्हणून चौकशी केली, त्यांतील बहुतेकांच्या घरी तो शब्दही कोणी ऐकलेला नव्हता.

कायद्याचा विषय निघाला, की कोल्हापूरच्या माणसाला एका जुन्या कायद्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे केली. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात प्रयोग करून १९०६ साली ती सर्व संस्थानात लागू केली. कागल आणि कोल्हापूर येथे ज्यांचे शालेय शिक्षण झाले त्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात तसे विधेयक मांडले, आणि ते पुढल्या वर्षी फेटाळले गेले. ब्रिटिश मुलखात जे होऊ शकले नाही, ते राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात केले. प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले, आणि जो पालक मुलाला शाळेत पाठविणार नाही त्याला दरमहा एक रुपया दंड ठरला. त्या काळच्या एका रुपयाची किंमत ध्यानी घेतली, म्हणजे या हुकुमामागील निश्चयाची कल्पना येते. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते महाराजांनी विणलेले वसतिगृहांचे जाळे. खेड्यातील मुलाला केवळ शाळा उघडून दिल्याने भागत नाही, त्याच्या राहण्याजेवणाची व्यवस्था झाली पाहिजे, हे ओळखून त्यांनी १९०१ सालापासून या नगरीत एकामागून एक वसतिगृहे उभी राहू दिली. कायद्याने शाळेचे दार उघडते. पण मुलाला त्या दारापर्यंत आणायला आणखी काही लागते, हे शंभर वर्षांपूर्वी ज्या शहरात एका राजाला समजले होते, त्याच शहराच्या वेशीवर आज एक मुलगी भावाला कडेवर घेऊन विटा मोजते आहे, ही गोष्ट मनाला लागते.

विद्यार्थ्यांनी गरिबांच्या वस्तीत जाऊन राहावे, पाहावे, मोजावे आणि त्यांतून शिकावे, ही कल्पना जगात इतरत्रही रुजली ती काही दानधर्माच्या भावनेने नव्हे. १८८४ साली लंडनच्या पूर्व भागात टॉयन्बी हॉल स्थापन झाला, तेव्हा ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या तरुणांनी तेथे वस्ती करून शेजाऱ्यांसारखे राहावे, हा त्याचा उद्देश होता. आणि १८८९ साली शिकागोत जेन ॲडम्स यांनी सुरू केलेल्या हल हाउसच्या रहिवाशांनी आजूबाजूच्या वस्तीची घरटी नोंद घेऊन, कोणत्या घरात किती मजुरी येते, याचे नकाशे प्रसिद्ध केले. हाच प्रवाह मुंबईत नागपाड्याच्या सेवाकेंद्रात आला, आणि तेथे काम करणाऱ्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ साली समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी टाटांची संस्था सुरू झाली. या सर्वांत समान सूत्र एकच होते: आधी नीट मोजा, आणि मोजलेले कोणाच्या तरी उपयोगी पडेल असे करा.

मोजणी चुकीच्या वेळी केली तर काय होते, याचेही उदाहरण आपल्या राज्यात आहे. ४ जुलै २०१५ रोजी महाराष्ट्रात शाळाबाह्य मुलांचे एकदिवसीय सर्वेक्षण झाले. लाखो कर्मचारी त्या दिवशी घरोघर फिरले, नोंद झालेल्या मुलाच्या बोटाला शाई लावण्यात आली. पण जुलै महिन्यात भट्ट्या थंड असतात, ऊसतोडीच्या टोळ्या आपापल्या गावी परतलेल्या असतात, आणि भट्टीवरचे मूल त्या दिवशी गावच्या शाळेच्या पटावर असते. ज्या महिन्यात ते मूल शाळाबाह्य होते, त्या महिन्यात त्याला शोधायला कोणी गेले नाही, आणि ज्या दिवशी शोधले त्या दिवशी ते शाळाबाह्य नव्हते. क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थांनी तेव्हाच या सर्वेक्षणावर आक्षेप घेतले होते. पुढेही अशी सर्वेक्षणे वेळोवेळी झाली. परंतु एका ठरीव दिवसाची मोजणी आणि हंगामी स्थलांतर यांचा मेळ बसत नाही, हा मूळ मुद्दा तसाच आहे.

आणि नेमक्या याच ठिकाणी महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा उपयोग आहे. सरकारी कर्मचाऱ्याला हंगामभर भट्ट्यांवर फिरण्यास सवड नाही. संस्थांचे कार्यकर्ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. विद्यार्थ्याजवळ मात्र दुसऱ्या सत्राचे सर्व महिने असतात, आणि त्याचे हे सत्र व भट्टीचा हंगाम बहुतांशी एकाच काळात येतात. तो आठवड्यातून एकदा त्याच भट्टीवर गेला, नव्याने आलेली आणि सोडून गेलेली कुटुंबे टिपत राहिला, तर जी नोंदवही तयार होईल ती कोणत्याही एकदिवसीय शिरगणतीपेक्षा विश्वसनीय ठरेल. मात्र त्यासाठी विद्यार्थ्याने शिकविण्याचा सोस थोडा आवरला पाहिजे. आठवड्यात दोन तास येऊन कविता म्हणवून घेणाऱ्या पाहुण्याने मुलांना आनंद होतो, हे खरे. पण तो निघून गेल्यावर मुलांना जे वाटते त्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. संस्थेच्या कार्यकर्तीने मला सांगितले, की प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला तयार करण्यात त्यांचे पुष्कळ दिवस जातात, आणि तो उपयोगी पडू लागला, की त्याचे तास भरलेले असतात. सहा तुकड्या पाठविण्याऐवजी दोन विद्यार्थी पाठवा आणि त्यांना अधिक दिवस राहू द्या, एवढीच त्यांची महाविद्यालयांकडे मागणी आहे, आणि ती सर्वस्वी रास्त आहे.

विद्यार्थिनीच्या शेवटच्या रकान्यात सगळ्याच नोंदी सुखाच्या नाहीत. काही मुले शाळेत दाखल झाली आणि टिकली. काही दाखल झाली, पण शाळा व भट्टी यांच्या मध्ये वाहत्या रहदारीचा रस्ता असल्यामुळे आठवड्याभरात गळाली. कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी शाळा एका किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे, आणि अंतर मोजले तर ती शाळा त्या आतच भरत होती. पण अवजड वाहनांच्या वर्दळीचा रस्ता ओलांडून सहा वर्षांच्या मुलाला एकटे पाठविण्याचे धैर्य कोणत्या आईला होईल? काही कुटुंबे मालकाशी हिशेबाचा तंटा होऊन रातोरात दुसरीकडे गेली, आणि त्यांच्या मुलांपुढे तिने केवळ ‘पत्ता नाही’ असे लिहिले आहे. ती नऊ वर्षांची मुलगी मार्चअखेरपर्यंत शाळेत नियमित होती. तिचे शिक्षण हमी पत्रक मुख्याध्यापकांनी स्वतः भरून दिले, आणि ते गावच्या शाळेत दाखवायचे असते, हे बापाला नीट समजावून सांगितले. यश मोठे नाही. पण अहवालात ते जेवढे होते तेवढेच सांगितले आहे, आणि वाढवून सांगण्याचा मोह जिने टाळला तिला समाजशास्त्राची पदवी शोभेल, असे मी तिच्या प्राध्यापकांना कळविले.

तिने अहवालाच्या दोन प्रती केल्या. एक महाविद्यालयात गेली. दुसरी, म्हणजे मूळ नोंदवही, तिने संस्थेच्या स्वाधीन केली, आणि तिच्याच विभागातील दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने पुढल्या हंगामात तेच काम, तीच वही पुढे चालवून करावे, असे ठरले आहे. महाविद्यालयांच्या चालकांना माझी विनंती आहे, की भट्टीवरील प्रकल्प पहिल्या सत्रात देऊ नयेत. ते दिवाळीनंतर द्यावेत, एका तुकडीची वही दुसरीच्या हाती पडेल अशी व्यवस्था करावी, आणि परीक्षकाने गुण देताना छायाचित्रांऐवजी तो शेवटचा रकाना पाहावा. आणि ज्यांच्या गावच्या शिवारात भट्टी आहे, अशा वाचकांना एवढेच सांगणे आहे, की तेथे खोप्या उभ्या राहिल्या म्हणजे जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि ग्रामपंचायतीला तशी वर्दी द्यावी. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत वर्षाच्या कोणत्याही महिन्यात प्रवेश घेता येतो; जन्माचा दाखला जवळ नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला यायचा आहे, या कारणावरून तो नाकारता येत नाही.